श्रीमंत काशीबाई पेशवे : एका गृहिणीचे पुण्यस्मरण

भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली भीमा खेडच्या दिशेने वाहू लागली की तिच्या तीरी चास हे गाव लागते. जुन्नर-आंबेगाव भागातून मंचरवरून पुण्यास जाणाऱ्या आपल्या कुटुंबांस हा मुलूख परका नाही. तेथून पूर्वेस गेले म्हणजे पाबळ येते. ते आंबेगावच्या हद्दीपासून फार दूर नाही. चास हे काशीबाईंचे माहेर, तर पाबळ हे मस्तानीचे इनाम आणि तिच्या चिरविश्रांतीचे स्थान. या दोन गावांमध्ये थोरल्या बाजीरावांच्या संसाराची सारी कथा सामावली आहे. बाजीरावांच्या पराक्रमाची चरित्रे आपल्या घराघरांत वाचली जातात. परंतु त्यांच्या धर्मपत्नीचे चरित्र सहसा कोणी सांगत नाही. ही उणीव यथामति भरून काढावी, या हेतूने आम्ही हा अल्प प्रयत्न करीत आहोत.

काशीबाईंचे वडील महादजी कृष्ण जोशी चासकर हे सधन सावकार होते. शाहू महाराजांस अडचणीच्या काळात त्यांनी द्रव्यसाह्य केले होते. अशा घरातील कन्या भटांच्या घरात सून म्हणून आली. सासू राधाबाई करारी व कर्तबगार. पती बाजीराव वयाच्या विसाव्या वर्षी, 1720 साली, पेशवेपदावर आरूढ झालेले आणि पुढील वीस वर्षे बहुतेक घोड्यावरच काढलेले. 1728 साली पालखेडास निजामाची कोंडी करणारा हा पुरुष घरी पाहुण्यासारखा येई. अशा घरात कुळाचार, सण, व्रतवैकल्ये, आल्यागेल्याचा सत्कार आणि मुलांचे संगोपन हे ओझे राधाबाईंच्या बरोबरीने काशीबाईंच्या खांद्यावर पडले. नानासाहेब, रामचंद्र, रघुनाथ व जनार्दन ही त्यांची अपत्ये; त्यांपैकी रामचंद्र लहानपणीच वारले.

1729 साली बुंदेलखंडात छत्रसालांच्या साह्यास बाजीराव धावून गेले, आणि त्यानंतर मस्तानी त्यांच्या जीवनात आली. ती छत्रसालांची कन्या होती की त्यांच्या दरबारातील कलावंतीण, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ती गायन-नृत्यात निपुण होती आणि अश्वारोहणातही तरबेज असून स्वारीत बाजीरावांसमवेत जात असे, असे परंपरा सांगते. शनिवारवाड्यात तिच्यासाठी निराळा महाल व निराळा दरवाजा झाला. पाबळ, केंदूर व लोणी ही गावे तिच्याकडे आली.

येथे एका गोष्टीचा विचार करणे अवश्य आहे. त्या काळच्या सरदार घराण्यांत लग्नाची स्त्री आणि नाटकशाळा यांची स्थाने ठरलेली असत. वंश, वारसा, देवघर आणि धर्मकृत्यातील उजवे आसन पत्नीचे. मनोरंजन, जिवाभावाचे बोलणे आणि विसाव्याची घटका दुसरीची. खुद्द शाहू महाराजांच्या पदरी विरूबाई होती. राण्या असतानाही राजवाड्यात तिचा शब्द चाले, आणि त्याबद्दल कोणी गहजब केला नाही. मग मस्तानीविरुद्धच एवढे वादळ का उठले? कारण उघड आहे. ती यवनी मानली गेली, आणि बाजीरावांनी तिला केवळ विसाव्याच्या जागी न ठेवता घरच्या माणसाचा मान देऊ केला. समाजाला उपस्त्री चालत होती. तिने उंबरठा ओलांडून आत येणे मात्र चालत नव्हते. बाजीरावांच्या आहारविहारातील दोषांचे खापरही तिच्याच माथी फोडण्यात आले.

1739 च्या अखेरीस, बाजीराव स्वारीत गुंतले असता, चिमाजीअप्पा व नानासाहेब यांनी मस्तानीस पुण्यात पहाऱ्यात ठेविले. या प्रकरणात काशीबाईंचे नाव कोठेही पुढे येत नाही. ज्या स्त्रीचे सर्वाधिक हिरावले गेले होते, तिनेच सूडाची भाषा केली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

28 एप्रिल 1740 रोजी नर्मदेच्या तीरी रावेरखेडी येथे बाजीरावांनी देह ठेविला. वय अवघे एकोणचाळीस. अंतकाळी काशीबाई व धाकटे जनार्दनपंत जवळ होते. मस्तानीस ते शेवटचे दर्शनही लाभले नाही. लवकरच तीही वारली आणि पाबळच्या मातीत विसावली. पत्नीला अंत्यक्षणाचा अधिकार मिळाला. प्रियेला दुरून आलेली वार्ता तेवढी मिळाली. दोघींच्या स्थानांतील भेद याहून स्पष्ट तो कोणता!

मागे उरला सहा वर्षांचा समशेर. 1734 सालीच काशीबाईंच्या पोटी रघुनाथराव जन्मले आणि त्याच साली मस्तानीच्या पोटी समशेर. या मुलाची मुंज व्हावी, ही बाजीरावांची इच्छा होती, आणि ब्रह्मवृंदाने ती मानली नाही, असे सांगतात. आपल्या पूर्वजांनी लावून घेतलेले ते दार काशीबाईंनी आपल्या परीने किलकिले केले. त्यांनी समशेरास पोटच्या मुलांबरोबर वाढविले. त्याचे शिक्षण पेशव्यांच्या मुलांसमवेत झाले. हाच समशेरबहादूर 1761 साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून घायाळ झाला आणि जाटांच्या मुलखात मरण पावला. त्याचे वंशज बांद्याचे नवाब झाले आणि 1857 च्या संग्रामात त्या घराण्यातील अलीबहादूर झाशीच्या राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्या पक्षाने लढले. ज्या मुलास आपण जानवे नाकारले, त्याच्या वंशाने आपली बाजू सोडली नाही.

वैधव्यात काशीबाईंनी 1742 साली मोठ्या परिवारासह काशीयात्रेस प्रस्थान ठेविले. 1749 साली माहेरी चास येथे त्यांनी सोमेश्वराचे मंदिर उभारले. भीमेच्या काठी ते आजही उभे आहे. 1758 च्या नोव्हेंबरात त्या निवर्तल्या. पानिपताचा प्रलय पाहण्याचे दुर्दैव त्यांच्या वाट्यास आले नाही.

या चरित्राचा बोध कोणता घ्यावा? पतीच्या दुसऱ्या ओढीकडे मुकाट्याने पाहावे, असा उपदेश काशीबाईंच्या नावाने सुनांना करणारे आम्हांस भेटतात. आम्हांस तो मान्य नाही. त्यांचे सोसणे ही त्या काळाची सक्ती होती. त्यांची थोरवी त्यात नाही. मुंबई प्रांतात 1946 साली आणि देशभर 1955 साली हिंदूंमधील द्विभार्येस कायद्याने प्रतिबंध झाला, तो स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले म्हणूनच. एका स्त्रीने कूळ सांभाळावे, दुसरीने मन रिझवावे आणि पुरुषाने दोहोंचे सुख घ्यावे, या वाटणीत दोघीही अर्ध्याच राहिल्या. बाजीरावांसारख्या थोर पुरुषाचीही यातून सुटका झाली नाही.

काशीबाईंची थोरवी आहे ती निरपराध लेकरास दोष न लावण्यात. वडीलधाऱ्यांच्या वर्तनाची शिक्षा मुलांना द्यावयाची नाही, हा नियम त्यांनी शास्त्राधार न शोधता पाळला. आजही आपल्या एखाद्या घरी असा प्रसंग येतो. तेव्हा कुजबुज होते, आमंत्रणे टळतात आणि त्याचा जाच मुलांनाच सोसावा लागतो. अशा वेळी ज्ञातिबांधवांनी चासच्या या माहेरवाशिणीचे स्मरण करावे आणि त्या मुलास आपल्या पंगतीत पाट मांडावा, एवढीच आमची विनंती.

त्या उदारहृदयी मातेस आमचे शतशः प्रणाम.