दहा दिवसांचे बाळ

कल्याणवरून वाहत येणारी उल्हास नदी आमच्या वसईपाशी समुद्राला मिळते. तिच्याच काठच्या कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना जोशी जन्मली. नवव्या वर्षी पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी या बिजवराशी तिचे लग्न झाले आणि यमुनेची आनंदी झाली. बायकोने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा ध्यास. त्यापायी हात उगारायलाही ते कमी करीत नसत. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. योग्य उपचारांअभावी तो दहाव्या दिवशी गेला.

तान्ही मुले जाणे तेव्हा घरोघरचे होते. आनंदीबाईंनी मात्र ते दैवाच्या खाती टाकले नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला १८८३ मध्ये त्यांनी भरसभेत डॉक्टर होण्याचा निश्चय सांगितला. त्याच एप्रिलमध्ये, पतीला मागे ठेवून, त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात थंडीशी आणि दुखण्याशी झगडत त्या शिकल्या. प्रबंधाला विषय घेतला हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली; पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविशीही पुरी होण्याआधी, त्या गेल्या.

पुढे ऐंशी वर्षांनी त्याच फिलाडेल्फियात लहान आतडे जवळजवळ पूर्ण बंद असलेली एक मुलगी जन्मली. दूध पचायला जागाच नव्हती. डडरिक आणि विलमोर या डॉक्टरांनी आधी कुत्र्याच्या पिल्लांवर पारखलेला उपाय केला: हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत बारीक नळी घालून साखर, प्रथिनांचे घटक, क्षार, जीवनसत्त्वे थेट रक्तात सोडली. मूल वाढू लागले. ते बावीस महिने जगले. पण आतडे निकामी झालेल्या बाळांना वाट सापडली.

आज ही वाट मुंबईपर्यंत आली आहे. मात्र ती एकट्या डॉक्टरची नाही. शल्यविशारद, बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, औषधे निर्जंतुक मिसळणारा आणि रात्रभर जागणारी परिचारिका, सारे लागतात. नळीला जंतुसंसर्ग झाला किंवा यकृत बिघडले, तर केलेले सारे पाण्यात. म्हणूनच आईचे दूध थेंबाथेंबाने देत उरलेल्या आतड्याला कामाला लावावे लागते.

पालघर जिल्ह्यातल्या आईला यासाठी आजही बहुधा मुंबईच गाठावी लागते. परळचे वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून मुलांसाठी उभे आहे. पण जव्हारच्या पाड्यावरून परळ फार लांब पडते. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली, पोट फुगले, तर आतड्याला पीळ पडला असण्याची शक्यता असते आणि काही तासांत आतडे मरू शकते. अशा वेळी दृष्ट काढत बसू नये, घुटीही देऊ नये. तडक रुग्णालय गाठावे.

पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत आनंदीबाईंचे नाव आपण अभिमानाने घेतो. ते घेताना ते दहा दिवसांचे बाळही आठवावे. त्यांची सारी धडपड तिथूनच सुरू झाली होती.