गोखले यांचे साधार वक्तृत्व

गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांच्या वक्तृत्वाची चर्चा करताना त्यातील सौम्यतेवरच बहुधा भर दिला जातो. त्या सौम्यतेमागील पुराव्याची शिस्त दुर्लक्षित राहते. कोकणातील कोतळूक येथे जन्मलेले गोखले पुण्यात गणिताचे अध्यापन करीत. सरकारी अहवाल बारकाईने वाचण्याची तालीम त्यांना न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून मिळाली.

१८९७ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरते. लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या अर्थव्यवहाराविषयी त्यांनी दिलेली साक्ष उलटतपासणीतही टिकली, कारण ती आकडेवारीवर उभी होती. त्याच मुक्कामात, पुण्याहून आलेल्या खासगी पत्रांच्या आधारे, प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मधून केला. पुराव्याची मागणी झाली, तेव्हा पत्रलेखकांची नावे उघड करणे त्यांना शक्य नव्हते. स्वदेशी परतल्यावर त्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. आरोप खोटा होता, असे यावरून ठरत नाही; तो सिद्ध करण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते, एवढेच ठरते. त्यांच्या टीकाकारांनी हा भेद फारसा ध्यानात घेतला नाही.

२६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकार शिलकेला भरभराटीचे गमक मानीत होते. गोखल्यांनी शिलकेचा आकडा नाकारला नाही, त्याचा अर्थ नाकारला. रुपयाचा विनिमयदर चढविल्यामुळे इंग्लंडला पाठवावयाच्या रकमेत बचत झाली. रुपयाच्या घसरणीच्या काळात वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक निघाली ती यातून, हे त्यांनी सरकारी आकड्यांवरूनच दाखविले. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. लोकसंख्या वाढूनही मिठाचा खप त्या मानाने वाढला नाही, हे सांगताना त्यांचा आकडा गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचतो. या भाषणाच्या सिद्धतेत गणेश व्यंकटेश जोशी यांचे मोलाचे साहाय्य होते. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला. त्याचे श्रेय केवळ एका भाषणाला देणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल.

१९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्तीचे शिक्षण हिंदुस्थानात अशक्य आहे, या आक्षेपाला बडोदे संस्थानाचा दाखला हे रोकडे उत्तर होते. परंतु मंडळात सरकारी सभासदांचे बहुमत होते. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.