रेचेल कार्सन म्हटलं की डीडीटी आठवतं, पण तणनाशकांबद्दलही त्यांनी सावध केलं होतं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९०७ साली जन्मलेल्या रेचेल कार्सन मूळच्या समुद्राच्या अभ्यासक. प्राणिशास्त्र शिकून त्या मासे आणि वन्यजीवांच्या सरकारी खात्यात लागल्या. १९५१ साली त्यांचं समुद्रावरचं पुस्तक तुफान खपलं आणि पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

१९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं. डीडीटीनं पक्षी मरतायत, हे घरोघरी पोचलं. त्याच पुस्तकातलं तणनाशकांवरचं प्रकरण मात्र बिचारं मागेच पडलं.

तणनाशकानं फक्त झाड मरतं, गुराढोरांना त्याचं काय, असा तेव्हा समज होता. कार्सनबाईंनी विचारलं, फवारल्यावर झाडाच्या आत काय होतं?

टू-फोर-डी घ्या. आपल्याकडं गव्हात, उसात मारतात तेच. ते झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. गहू त्याचा रेणू बदलतो, साखरेला जोडून निकामी करतो, म्हणून तगतो. रुंद पानांच्या बहुतेक तणांना ते पुरेसं जमत नाही. त्यांची वाढ वेडीवाकडी होते आणि ती मरतात.

पण मरण्याआधी झाडाचं आतलं गणित बिघडलेलं असतं. तेव्हाच्या संशोधनाचा आधार घेऊन कार्सननी दाखवलं, की काही झाडांत नायट्रेट वाढतं, काहींत साखर. एरवी गुरं ज्या विषारी तणाला तोंड लावत नाहीत, तेच फवारणीनंतर गोडीनं खातात. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं, मग रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. जनावर दगावतं. घात करतं ते औषध नव्हे, औषध मारलेलं झाड.

हे लिहिताना त्यांना स्तनाचा कर्करोग होता. १९६० साली शस्त्रक्रिया झाली, पण गाठ कर्करोगाची आहे हे डॉक्टरांनी आधी सांगितलंच नाही. कळल्यावर त्यांनी ते लपवलं. बाई आजाराचा राग काढतायत, असं म्हणायला रासायनिक कंपन्यांना निमित्त मिळालं असतं. घरात भाचीचा पोरका मुलगा होता, त्याला त्यांनी दत्तक घेतलं होतं.

जून १९६३ मध्ये त्या सिनेटच्या समितीपुढं बोलल्या. औषधं सरसकट बंद करा, असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं. गरज असेल तिथंच, नेमकी मारा, इतकंच.

१४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्या गेल्या. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ साली. टू-फोर-डी अजून दुकानात मिळतं.