सेकंड हँड गाडी घेतली, खोलून बघितली आणि त्यातून रोल्स-रॉइस उभी राहिली

जालना जिल्ह्यातल्या धावड्यातून कुणी छत्रपती संभाजीनगरला जुनी मर्सिडीज नाहीतर ऑडी बघायला निघालं, तर सोबत ओळखीचा मिस्त्री हमखास असतो. कारण सोपं आहे. पॉलिश मारून चकाचक केलेली गाडी घेणाऱ्याच्या डोळ्याला फसवते, मिस्त्रीच्या कानाला नाही.

जगातली सगळ्यात भारी समजली जाणारी गाडी अशाच एका मिस्त्रीच्या कानामुळे जन्माला आली. त्याचं नाव हेन्री रॉइस.

रॉइसचा जन्म २७ मार्च १८६३ चा, इंग्लंडमधल्या अल्वॉल्टन गावातला. वडिलांचा गिरणीचा धंदा बुडाला आणि हेन्री ९ वर्षांचा असताना ते वारले. पोरानं पेपर विकले, घरोघरी तारा पोहोचवल्या. शाळा नावापुरतीच झाली. एका नातलगानं वर्षाला २० पौंड भरून त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लावलं, पण तीन वर्षांनी पैसे संपले आणि तेही शिक्षण अर्धवट राहिलं.

१८८४ मध्ये त्यानं अर्नेस्ट क्लेअरमाँट या जोडीदारासोबत मँचेस्टरला छोटा कारखाना टाकला. दोघांचं मिळून भांडवल ७० पौंड. विजेच्या घंटांपासून सुरुवात करून ते डायनामो आणि क्रेनपर्यंत पोहोचले.

१९०० नंतर मात्र जर्मनी आणि अमेरिकेतून स्वस्त माल यायला लागला. टिकायचं असेल तर भाव पाडा, आणि भाव पाडायचा तर माल हलका करा, असा मामला होता. रॉइस काही ऐकेना. धंदा अडचणीत आला.

याच काळात, १९०३ च्या सुमारास, त्यानं एक वापरलेली फ्रेंच गाडी घेतली. देकोव्हिल कंपनीची, दोन सिलिंडरची. त्या काळाच्या मानानं ती वाईट नव्हती. पण रॉइसला तिची थरथर आणि खडखड सहन होईना. इंजिन तापायचं, ठिणगीचा भरवसा नसायचा. त्यानं गाडी खोलली आणि एकेक दोष कशामुळे येतो ते शोधत गेला. मग मूळ आराखडा समोर ठेवून, दोष काढून स्वतःची गाडी बनवली. १ एप्रिल १९०४ ला ती रस्त्यावर धावली.

महिनाभरात, ४ मे १९०४ ला, मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात त्याची गाठ चार्ल्स रोल्सशी पडली. रोल्स श्रीमंत घरचा आणि लंडनमध्ये गाड्या विकणारा. रॉइसनं बनवायचं आणि रोल्सनं विकायचं, असं ठरलं. १९०६ मध्ये कंपनी उभी राहिली.

खरी परीक्षा झाली १९०७ साली. सिल्व्हर घोस्ट ही गाडी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली १५,००० मैल पळवली. सुरुवातीला एकदा हादऱ्यांनी पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला आणि गाडी थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल ती बिघाड होऊन थांबली नाही. पुढं तर कमालच झाली. क्लबनं गाडी खोलून पार्ट तपासले. ती पुन्हा नव्यासारखी करायला किती खर्च येईल? उत्तर आलं, २ पौंड, २ शिलिंग आणि ७ पेन्स.

जुन्या गाडीची योग्य किंमत काढायची पद्धत आजही हीच आहे. तशाच मॉडेलचा बाजारभाव धरायचा आणि ती ठीकठाक करायला येणारा खर्च त्यातून वजा करायचा. लक्झरी गाडीत लोक इथंच फसतात. गाडी जुनी म्हणून स्वस्तात मिळते, पण तिचे पार्ट नव्या गाडीच्याच भावानं घ्यावे लागतात. म्हणून थंड इंजिन सुरू करून आवाज ऐका, सर्व्हिसच्या नोंदी मागा, खर्चाचा अंदाज लिहून घ्या आणि मगच सौद्याला बसा.

महाराष्ट्रानंही ही परीक्षा बघितली. १९०८ मध्ये 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. सहा घाट, सुमारे ६२० मैल. ती जिंकली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी तीच गाडी विकत घेतली. घाट चढून आलेली, म्हणजे वापरलेलीच. पण ती काय करू शकते हे सगळ्यांनी बघितलं होतं.

१९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेला. पुढच्याच वर्षी जेवणाखाण्याची शुद्ध न ठेवता राबणारा रॉइस गंभीर आजारी पडला. त्यानंतरची २२ वर्षं त्यानं कारखान्यापासून लांब राहून, घरूनच गाड्यांची आणि विमानांच्या इंजिनांची डिझाइन केली. १९३० मध्ये त्याला सर हा किताब मिळाला. २२ एप्रिल १९३३ ला तो गेला.

किताब मिळाला, नाव झालं, तरी रॉइस स्वतःची ओळख सांगताना एकच शब्द वापरायचा. मेकॅनिक.