हात धुवायला लावणारे डॉक्टर

मैत्रिणींनो, विहिरीत किंवा टाकीत टाकायची टीसीएल पावडर तुम्ही पाहिली असेल. तिचा नाकात शिरणारा वास क्लोरीनचा. क्लोरीन हा अधातू, हॅलोजन कुळातला. लोखंड-तांब्यासारखी त्याला ना चकाकी, ना त्याचा पत्रा होतो. तो पिवळसर हिरवा, हवेपेक्षा जड असा विषारी वायू. विझवलेल्या चुन्यात मुरवला की ही पावडर होते. (ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीच एकत्र करू नका, तोच वायू बाहेर पडतो.) याच पावडरीपायी डॉ. इग्नाझ सेमेलवाईस यांचं आयुष्य पणाला लागलं.

जन्म १८१८ चा, हंगेरीतल्या बुडा गावी. १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात लागले. तिथे दोन वॉर्ड होते, एक शिकाऊ डॉक्टरांचा, दुसरा शिकाऊ सुइणींचा. त्या वर्षी डॉक्टरांच्या वॉर्डात शंभरातल्या अकरा बाळंतिणी दगावल्या, सुइणींकडे तीनसुद्धा नाहीत. बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांच्या वॉर्डात नको म्हणून त्या गुडघे टेकून विनवायच्या. रस्त्यातच बाळंत झालेल्यासुद्धा त्या मानाने वाचायच्या!

गर्दी, हवा, सगळं तपासून झालं. मग मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का प्रेत फाडताना सुरी लागून वारले. लक्षणं हुबेहूब बाळंतिणींसारखी. तेव्हा उलगडा झाला. शिकाऊ डॉक्टर प्रेतं फाडायचे आणि त्याच हातांनी बाळंतिणीला तपासायचे. सुइणी प्रेतांच्या वाटेला जातच नव्हत्या.

साबणाने हाताचा वास जाईना. म्हणून मे महिन्यापासून क्लोरीनच्या पाण्याने, आणि ते महाग पडलं तेव्हा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मृत्यू होते, जुलैत जेमतेम एक. जंतूंमुळे आजार होतात हे तेव्हा सिद्धही व्हायचं होतं.

पण आपल्याच हातांनी बायका मेल्या, हे बड्या डॉक्टरांना कसं पचावं? १८४९ मध्ये त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. पेश्तच्या दवाखान्यातही त्यांनी तोच गुण दाखवला, १८६१ मध्ये पुस्तक लिहिलं. तरी मोठमोठे प्राध्यापक मानेनात. मग मात्र त्यांचा तोल सुटला, विरोधकांना ते जाहीर पत्रांतून खुनी म्हणू लागले. १८६५ मध्ये त्यांना फसवून व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं. तिथे मारहाण झाली असावी. हाताची जखम चिघळली, विष रक्तात भिनलं आणि दोन आठवड्यांत, १३ ऑगस्टला, ते गेले. वय अवघं सत्तेचाळीस. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं ते १९६९ मध्ये.