मंटोंचे नागरिकत्व

भिवंडीच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या अनेक कुटुंबांचे मूळ उत्तर प्रदेशात आहे. फाळणीनंतर त्यांतील काहींचे आप्त पाकिस्तानात गेले. अशा गावात कोण कोणत्या देशाचा हा वाद निघाला की सआदत हसन मंटो यांचे चरित्र आठवल्यावाचून राहत नाही.

मंटो मूळच्या काश्मिरी घराण्यातले. जन्म ११ मे १९१२ रोजी लुधियाना जिल्ह्यातील समराळ्याचा, बालपण अमृतसरचे. ज्या उर्दूचे ते पुढे श्रेष्ठ कथाकार ठरले, त्याच विषयात ते मॅट्रिकला नापास झाले होते. (उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हां मंडळींनी हे ध्यानात ठेवलेले बरे.) १९३६ साली 'मुसव्विर' या चित्रपट-साप्ताहिकाच्या संपादनासाठी ते मुंबईस आले. मधला दिल्ली आकाशवाणीतील अल्प काळ सोडला, तर १९४८ च्या आरंभापर्यंत भायखळा, नागपाडा, फोरास रोड हेच त्यांचे जग होते. या शहराने त्यांना अन्न दिले, पात्रे दिली. धर्म फारसा विचारला नाही.

१९४७ मध्ये तो विचारला जाऊ लागला. बॉम्बे टॉकीजमध्ये मुसलमान फार झाले, अशी धमकीची पत्रे येऊ लागली. अशोककुमार, श्याम यांसारखे स्नेही पाठीशी होते. तरीही मन उखडले ते उखडलेच. पत्नी व मुलगी आधीच लाहोरास गेल्या होत्या. जानेवारी १९४८ मध्ये मंटो बोटीने कराचीस निघाले. यात राष्ट्रनिष्ठेचा कौल शोधणारे दोन्हीकडे आहेत. आमच्या मते तो भीतीचा आणि मनोभंगाचा प्रवास होता. कायद्याने मात्र हेतू पाहिला नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदानुसार १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेली व्यक्ती भारताची नागरिक मानली गेली नाही. अपवाद फक्त पुनर्वसनाच्या परवान्यावर परतलेल्यांचा.

जपानमधील कोरियनांची कथा अशीच आहे. १९४७ साली त्यांची नोंद अखंड कोरियाच्या 'चोसेन' या जुन्या नावाने झाली; १९४८ मध्ये मायदेशाची दोन राज्ये झाली आणि १९५२ मध्ये जपानी नागरिकत्वही गेले. पुढे पुष्कळांनी दक्षिणेचे नागरिकत्व घेतले. काही त्या जुन्या नोंदीलाच धरून राहिले.

मंटोंना असा मधला रकानाही नव्हता. इंग्रजी अमदानीत त्यांच्यावर अश्लीलतेचे तीन खटले झाले होते. पाकिस्तानात आणखी तीन झाले. कथा विकावी आणि दिवस काढावा, अशा ओढगस्तीत व मद्यपानात १८ जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, लाहोरात त्यांचा अंत झाला. पाकिस्तानने 'निशान-ए-इम्तियाज' दिला तो २०१२ साली. भारताने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक दिले ते १९५४ च्या 'मिर्झा गालिब' या चित्रपटाला. त्याची कथा मंटोंची होती, आणि संवाद लाहोर सोडून भारतात आलेल्या राजिंदरसिंग बेदींचे.