विश्लेषण : चाव्यांच्या जुडग्यातून हुकूमशाही दाखवणारे झहीर रायहान कोण होते?

उरी हल्ल्यानंतरच्या तणावात, ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मामि’ चित्रपट महोत्सवातून ‘जागो हुआ सवेरा’ (१९५९) हा पाकिस्तानी चित्रपट वगळण्यात आला. चित्रीकरण आजच्या बांगलादेशातले, गीते फैज यांची, तर नायिका तृप्ती मित्रा आणि संगीतकार तिमिर बरन कोलकात्याचे. सहायक दिग्दर्शकांत होते विशीतले झहीर रायहान.

सुरुवात कशी झाली?

रायहान यांचा जन्म १९३५ मध्ये फेनीजवळच्या मजुपूर गावचा. बालपण कोलकात्यात गेले. फाळणीनंतर कुटुंब गावी परतले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगाली भाषेसाठी जमावबंदी मोडणाऱ्या पहिल्या तुकडीत ते होते. त्यांना अटक झाली. पुढे कादंबरीकार म्हणूनही त्यांनी नाव कमावले.

चित्रपट का गाजले?

१९६१ मध्ये ‘कखनो आसेनि’द्वारे ते दिग्दर्शक झाले. त्यांचा उर्दू ‘संगम’ (१९६४) हा पाकिस्तानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट. १९७० च्या ‘जीबन थेके नेया’मध्ये घराच्या चाव्या कमरेला लावून सगळ्यांना धाकात ठेवणारी थोरली बहीण आहे. वरकरणी घरगुती भांडण. पण रोख अयुब खान यांच्या लष्करी राजवटीवर होता, हे प्रेक्षकांनी ओळखले. पुढे बांगलादेशचे राष्ट्रगीत झालेले ‘आमार सोनार बांगला’ही त्यात होते.

१९७१ मध्ये काय केले?

पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू होताच ते कोलकात्यात आले. निर्वासितांचे लोंढे आणि मुक्तियोद्धे टिपत त्यांनी सुमारे २० मिनिटांचा ‘स्टॉप जेनोसाइड’ हा माहितीपट केला. स्वतः पैशांच्या अडचणीत असताना ‘जीबन थेके नेया’च्या भारतातील प्रदर्शनाची कमाई त्यांनी मुक्तिलढ्याला दिली.

शेवट कसा झाला?

थोरले बंधू, लेखक-पत्रकार शहीदुल्ला कैसर यांना १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील घरातून उचलून नेण्यात आले. दोनच दिवसांनी पाकिस्तानी लष्कर शरण आले. रायहान परतले आणि भावाला शोधू लागले. ३० जानेवारी १९७२ रोजी ते ढाक्याच्या मीरपूर भागात गेले. युद्ध संपले तरी तिथे पाकिस्तानसमर्थक सशस्त्र गट होते. त्या दिवशी तिथे सैनिक व पोलिसांवर गोळीबार झाला. रायहान परतलेच नाहीत; मृतदेहही सापडला नाही. वय अवघे ३६.

पाकिस्तानी म्हणून मुंबईत जो चित्रपट नाकारला गेला, त्याला पाकिस्तानी लष्कराविरुद्ध कॅमेरा उचलणाऱ्या या माणसाचाही हात लागला होता.